बहात्तरावं पान

१

रविवारी सकाळी दहाला योएलचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाला, "जूडिथबाई, रागावू नका, पण पान तुम्ही कापलंत काय?"

मी भाजी चिरत होते. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि एकसष्टाव्या वर्षी तो कशावर खर्च करायचा याचा मी विचार करते. म्हणून नुसतं विचारलं, "कसलं पान?"

"हिल्डाबाईंच्या वहीतलं. बहात्तरावं, तुमचं नाव असलेलं. कोणीतरी ब्लेडने कापून नेलंय."

मी सुरी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

हिल्डाबाई मुंबईत आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांच्या सुईण होत्या. भायखळ्यापासून उमरखाडीपर्यंत कोणाच्या घरी बाळंतपण असलं की हिल्डाबाईंची पिशवी दारात यायचीच. १९४९ पासून १९६९ पर्यंत केलेलं प्रत्येक बाळंतपण त्यांनी एका जाड वहीत मराठीत लिहून ठेवलं होतं. आईचं नाव, तारीख, वेळ, मूल कसं आलं, वजन किती, जगलं की गेलं, सगळं. इस्रायलला येताना ती वही त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घालून आणली. गेल्या वर्षी, म्हणजे २००२ साली, नेतिवोतला त्या वारल्या आणि त्यांच्या मुलाने, मेईरने, वही पेताह तिक्वाच्या आमच्या सिनेगॉगला दिली.

आता सोमवारी माझा भाचा नीर ती वही स्कॅन करून इंटरनेटवर टाकणार होता. फुकट, आणि जगात कुठेही बसून कोणालाही बघता येईल अशी. नीर कॉम्प्युटर कंपनीत आहे. जगातली सगळी माहिती जगासमोर उघडी ठेवली पाहिजे असं त्याचं मत आहे, आणि ते तो जेवतानासुद्धा सांगतो.

बहात्तराव्या पानावर माझं बाळंतपण होतं. १९६६ साल. मुलगा. मी तापाने बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा हिल्डाबाईंनी एवढंच सांगितलं की तो चार तास होता, आणि मी लिहून ठेवलंय, तुला वाटेल तेव्हा येऊन वाच. मला कधी वाटलं नाही. मग नवरा गेला, दुसरं मूल झालं नाही. वही सिनेगॉगच्या कपाटात आली तेव्हा वाटलं, आता वाचावं. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत सहा महिने काढले.

माझा मुलगा जगात होता याचा दुसरा कुठलाही कागद नाही. त्या चार तासांत त्याचं काय झालं, रडला का, कोणी हातात घेतला का, हे फक्त त्या पानावर होतं. पान कोणी कापलं हे शोधायचं होतंच. पण मला आधी ते पान परत हवं होतं.

२

बाहेर वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला होता. दोन बसथांबे चालून मी सिनेगॉगच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा घशाला कोरड पडली होती.

योएल कमिटीचा अध्यक्ष आहे, धंद्याने इलेक्ट्रिशियन. त्याच्या शेजारी नेहेमियाभाऊ बसले होते. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, पोस्टातून रिटायर झालेले. मराठी हस्ताक्षर सरळ वाचू शकणारे आमच्यात आता चारपाचच उरलेत, त्यातले ते एक. नीरसाठी त्यांनी महिनाभर बसून वहीची हिब्रूत लिस्ट केली होती: पानाचा नंबर, साल आणि त्यावरच्या आयांची नावं.

"नंबर वहीवर कुठे लिहिलेत?" मी विचारलं.

"वहीवर? मी पेन्सिलपण टेकवली नाय गो," नेहेमियाभाऊ म्हणाले. "पानं मोजत गेलो नि लिस्टवर लिहीत गेलो. अठ्ठ्याऐंशी पानं आहेत. आज सकाळी नीरसाठी वही काढली, तर एकाहत्तरानंतर एकदम त्र्याहत्तर."

मी वही घेतली. दोन्ही बाजूंना सारखंच तपकिरी जाड पुठ्ठ्याचं वेष्टण, कशावरही अक्षर नाही. पान शिवणीपासून बोटभर जागा सोडून कापलं होतं. एकतीस वर्षं मी इथल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. फायलीतून कागद फाडणारे मी पुष्कळ पाहिलेत. घाईत फाडतात, कोपरा मागे राहतो. इथे कड अशी सरळ होती की पट्टी लावूनही माझ्याच्याने झाली नसती. खालच्या पानावर ब्लेडचा ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे कापणाऱ्याने खाली काहीतरी सरकवून मग कापलं होतं. वहीची काळजी घेणारा चोर मला नवीन होता.

लिस्टमध्ये बहात्तराव्या पानासमोर तीन नावं होती. दोघीजणी कधीच्या वारल्या. तिसरी मी.

"म्हणून तुम्हाला फोन केला," योएल खाली बघत म्हणाला. "दुसरं कोणी उरलंच नाही ना."

"नेहेमियाभाऊ, तुम्ही ते पान वाचलंत ना? काय लिहिलं होतं?"

त्यांनी मान हलवली. "मी फक्त नावं उतरवली, जूडिथ. दुसऱ्याच्या बायकांची बाळंतपणं वाचत बसणं बरं दिसतं काय?"

सभ्य माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी नेहेमियाभाऊंनी वही कपाटात ठेवली तेव्हा पान होतं. शनिवारी शब्बाथ, कोणी कात्रीलाही हात लावत नाही. तेव्हा जे झालं ते शुक्रवारी सकाळी. कपाटाची किल्ली पडद्यामागे खिळ्याला असते आणि ते अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. शुक्रवारी हॉलमध्ये गडबड होती, कारण पुढच्या महिन्यात शावुओतच्या सणानंतर रूवेन आणि शोशीच्या मुलीचं, इनबारचं, एरेझशी लग्न आहे, आणि त्याआधी घालायच्या मलिद्याची, आमच्या गोड पोह्यांच्या विधीची, तयारी चालू होती.

"कोण कोण आलं होतं?"

योएल बोटांवर मोजू लागला. रूवेन नारळांचं पोतं ठेवायला आला. इनबार मिठाईचे खोके घेऊन आली. ती खोके बनवणाऱ्या कंपनीत नमुने करते, म्हणून लग्नाचेही तिनेच केलेत. शोशी नव्हती. ती फॅक्टरीच्या बायकांबरोबर सहलीला मित्स्पे रामोनला गेली होती, आजच परतली. नेहेमियाभाऊ होते. आणि नेतिवोतहून मेईर आला होता, भांडायला.

"भांडायला?"

"वही परत द्या म्हणून," योएल म्हणाला. "ओरडला, नि इथेच त्या कपाटापाशी एकटा बसून राहिला अर्धा तास."

३

मेईरला मी हॉलमधूनच फोन लावला. प्लास्टिकच्या फॅक्टरीत पाळी करून आला होता, आवाज थकलेला.

"मी कापलं असतं तर एक पान कशाला कापलं असतं?" तो म्हणाला. "अख्खी वही बगलेत मारून नेली असती. आईची वही ती. मी तुम्हाला कपाटात ठेवायला दिली, दुनियेला दाखवायला नाय. लोकांनी आईला घरात घेतलं, दार लावलं, नि मग तिने लिहिलं. ते दार आता तुम्ही उघडताय."

"तुला वाचता येते ती?"

"येते थोडी. आईनेच शिकवलं. पण मी कधी उघडली नाही, जूडिथबाई. आईचा हात त्यावर आहे. बघवत नाही."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पुरावा काही नव्हता, पण माझंही तसंच झालं होतं.

दुपारी नीर ऑफिसातून आला; इथे रविवार कामाचा दिवस. पान गेल्याचं ऐकून त्याला वाईट वाटलं, पण त्याला दुःखापेक्षा मुद्दा आधी सुचतो.

"बघ दोदा," तो हिब्रूत म्हणाला. दोदा म्हणजे मावशी. मी मराठीत बोलते, तो हिब्रूत उत्तर देतो. त्याच्या लहानपणापासून आमचं असंच चालत आलंय. "एका महिन्यापूर्वी मला स्कॅन करू दिलं असतं, तर आज ते पान असतं. कागद एकच असतो. इंटरनेटवर टाकलेलं कोणाला कापता येत नाही."

हे खरं होतं. ते खरं होतं म्हणून जास्त लागलं.

"आणि एखादीला नको असेल तर?" मी म्हटलं. "आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइल मागायला कोणीही यायचं. नवरे यायचे, सासवा यायच्या, वकील यायचे. मी विचारायची, फाइल कोणाची? त्याची सही आण."

"पन्नास वर्षांपूर्वीचं आहे हे! यात लोकांचा इतिहास आहे. कॅनडात बसलेल्या माणसाला त्याची आजी सापडेल यात."

"त्या माणसाने आजीला विचारलं का?"

नीरने हात वर केले आणि वही पुढ्यात ओढली. मग त्याने ती उघडली, आणि मी बघतच राहिले.

त्याने वही उजवीकडून उघडली. जन्मभर हिब्रू पुस्तकं उघडली तशी. समोर हिल्डाबाईंचं १९६९ सालचं शेवटचं पान आलं आणि माझा भाचा त्याच्याकडे असा बघत होता की जणू ही सुरुवात आहे. अक्षर त्याला येत नाही. तारखासुद्धा देवनागरी आकड्यांत. वेष्टण दोन्हीकडून सारखं. त्याला कळणार तरी कसं?

"नीर," मी म्हटलं, "यातलं सतरावं पान काढ."

त्याने मुकाट्याने एकेक पान उलटत मोजलं. सोळा पानं झाली आणि सतराव्याच्या जागी त्याच्या बोटाला कापलेली कड लागली.

४

मी लिस्टच्या मागे हिशेब करून पाहिला. अठ्ठ्याऐंशी पानांच्या वहीत डावीकडून बहात्तरावं जे, तेच उजवीकडून सतरावं. ज्याने कापलं त्याला माझं पान नकोच होतं. त्याच्या डोक्यात फक्त एक आकडा होता, सतरा. तो नेहेमियाभाऊंच्या लिस्टचा आकडा होता आणि नेहेमियाभाऊंनी मराठी वहीसारखं डावीकडून मोजलं होतं. कापणारा हिब्रू वाचणारा. त्याने उजवीकडून मोजलं, कापलं, आणि आपण काय कापतोय हे त्याला वाचता आलं नाही.

त्याबरोबर मेईर सुटला, नेहेमियाभाऊ सुटले. दोघांनाही वाचता येतं; त्यांनी बरोबर पान कापलं असतं. रूवेन चौदाव्या वर्षी आला, मुंबईच्या मराठी शाळेत आठवी शिकून, तोही सुटला. नीरचं काय? नीरला एखादं पान नको असतं तर तो ते नुसतं स्कॅन न करता पुढे गेला असता. कोणाला पत्ता लागला नसता.

मग मी डावीकडून सतरावं पान काढलं.

ते वाचायचा मला अधिकार नव्हता. एकतीस वर्षांत मी एकही फाइल चोरून वाचली नव्हती. त्या दिवशी वाचली.

१९५३, ऑगस्टची नऊ तारीख. हिल्डाबाईंचं अक्षर बारीक, मात्रा लांब ओढलेल्या. "रिबकाबाईंच्या खोलीत. बाई यमुना, गिरणीवाली, मराठीण, शेजारच्या खोलीतली, नवरा परागंदा. दुपारी दीडला मुलगी. साडेपाच पौंड. बाईने एकदा पाजलं. रक्त थांबेना. संध्याकाळी गेली. जाण्याआधी मूल रिबकाबाईंच्या हातात दिलं. रिबकाबाईंना मूलबाळ नाही. ठेवून घेतलं. नाव शोशाना. कोणाला सांगायचं नाही."

शोशाना म्हणजे शोशी. रूवेनची बायको, इनबारची आई.

मला हे समजायला वेळ लागला नाही आणि दुसऱ्या कोणालाही लागला नसता. आमच्या धर्मात आई ज्यू तर मूल ज्यू. शोशीला जन्म देणारी यमुना, आणि धर्मात घेण्याचा विधी झाल्याची एक ओळ पानावर नव्हती. हे इंटरनेटवर गेलं की लग्नाची नोंद करणाऱ्या धर्मगुरूंच्या कचेरीत कोणीही एक कागद छापून टेबलावर ठेवणार. शोशी ज्यू नाही, म्हणून इनबार ज्यू नाही, म्हणून लग्न नाही. साठच्या दशकात इथल्या धर्मगुरूंनी लग्नासाठी आमच्या लोकांकडून आजी-पणजीपर्यंतची खात्री मागितली होती. तो अपमान म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत.

नेहेमियाभाऊ अजून हॉलच्या दाराशी बसले होते. मी त्यांच्यासमोर वही धरली.

"इतर पानं तुम्ही वाचली नाहीत. हे वाचलंत."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "दोन आयांची नावं होती गो. लिस्टवर कुठलं लिहू समजेना, म्हणून वाचलं. रिबकाबाईंचं लिहिलं."

"आणि कोणाला सांगितलंत?"

"रूवेनला. शुक्रवारी, इथेच. यमुनाचं सगळं सांगितलं नि म्हटलं, तुझ्या शोशीचं आहे, सतरावं पान, बघ काय करायचं ते. तो म्हणाला रविवारी येऊन बघतो. पण सतरावं तर जाग्यावरच आहे, जूडिथ! सकाळी पयलं तेच बघितलं मी. मग तुझं कोणी कापलं?"

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"कोणच नाय. पोरगी खोके रचत होती तेवढीच." आणि ते अगदी सहज म्हणाले, "तिला कुठे मराठी समजतं?"

५

आमच्या पिढीची ही चूक आहे आणि आम्ही ती रोज करतो. पोरं हिब्रूत उत्तर देतात म्हणून आम्ही समजतो त्यांना कळत नाही, आणि त्यांच्यासमोर आजार, भांडणं, लफडी, सगळं मराठीत बोलून घेतो. अरे, बाळ असल्यापासून ऐकतात ती! त्यांना वाचता येत नाही. ऐकू मस्त येतं.

रूवेनच्या घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. शोशी दुकानात गेली होती. रूवेनने दार उघडलं आणि माझ्या हातातली वही बघून त्याचा चेहरा उतरला.

"शोशीला सांगू नको, जूडिथबाई," तो दारातच म्हणाला. "पाया पडतो. लग्न होऊन जाऊ दे."

"इनबार कुठेय?"

ती आतल्या खोलीत टेबलाशी होती. समोर जाड कागद, खाली कापायची रबरी चटई, हातात पोलादी पट्टी. खोक्यांच्या कडा एकसारख्या सरळ. मी तिच्यासमोर वही ठेवली आणि डावीकडून उघडली.

"मराठी वही इथून सुरू होते, बाळ," मी म्हणाले. "तू सतरावं पान उलट्या टोकाने मोजलंस. आईचं पान इथेच आहे. तू नेलंस ते माझं होतं."

ती मराठीतच बोलली. अडखळत, पण मराठीत. मी तिचं मराठी पहिल्यांदा ऐकलं.

"माझ्या लग्नासाठी नाय केलं, दोदा. एरेझला मी सांगितलं. तो बोलला, सायप्रसला जाऊन करू, तिथे धर्म विचारत नाय." तिचे डोळे भरले. मग ती हिब्रूवर गेली. "आई ते इंटरनेटवर बघणार होती. नाहीतर फॅक्टरीत कोणीतरी येऊन सांगणार होतं. पन्नास वर्षांची झाल्यावर तिला सगळ्या जगाबरोबर कळणार होतं की तिची आई तिची नव्हती. नीर म्हणतो माहिती सगळ्यांची. ही माहिती सगळ्यांची कशी? आईला कोणी विचारलं?"

मी नीरला जे विचारलं होतं तेच ती विचारत होती. तिच्यावर ओरडायचं ठरवून आले होते, ते तिथेच अर्धं विरलं.

"पान दे माझं."

ती हललीच नाही.

"इनबार, पान दे."

"जाळलं," ती म्हणाली. "शुक्रवारीच. गॅसवर."

रूवेन भिंतीला टेकला. मी खुर्चीवर बसले. मग मी तिला सांगितलं त्यावर काय होतं, किंवा काय असावं, कारण मला तरी कुठे माहीत होतं? मुलगा. चार तास. सदतीस वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या बहिणीला माहीत होतं आणि नवऱ्याला, बस. इनबारने माझे हात धरले आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही.

"तुझ्या आईचं वाचवायला तू माझं जाळलंस," मी म्हणाले. "आता ऐक. जे उरलंय ते जाळायचा अधिकार तुला नाही, तुझ्या बापाला नाही, मला नाही. जगाला दाखवायचा अधिकार नीरला नाही. जिचं आहे तिला देते मी."

"जूडिथबाई!" रूवेन ओरडला.

पण तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि शोशी पिशव्या घेऊन आत आली. तिने तिघांची तोंडं पाहिली आणि विचारलं, "कोण गेलं?"

६

मी तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. पाचव्या वर्षी इथे आली, शाळा हिब्रूत. मी सावकाश वाचलं, एकही शब्द गाळला नाही. रूवेन स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. इनबार आईच्या पायाशी बसली.

शोशी खिडकीकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"तिने मला पाजलं," ती म्हणाली.

"एकदा."

"म्हणजे मरताना पाजलं गो." तिने पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला, आपल्या बायका डोळे पुसायला पदर शोधतात तसा. मग विचारलं, "तारीख कुठली बोललीस? ऑगस्टची नऊ? हिब्रू तारीख किती येते बघ. दिवा लावायला लागेल ना मला. पन्नास वर्षं कोणी लावला नाय तिच्यासाठी."

रडली ती नंतर. माझ्यासमोर नाही.

पान इंटरनेटवर जाणार नाही असं तिने सांगितलं. आज नाही. पुढे कधी तरी यमुनाबाईंचं माणूस कोणी शोधत असेल असं वाटलं तर ती नीरला स्वतः सांगेल. लग्न कचेरीत करायचं की सायप्रसला, ते इनबार आणि एरेझ ठरवतील. "खोटं बोलायला मी तिला सांगणार नाय," शोशी म्हणाली, "आणि ओरडून पण सांगणार नाय." वही तिने माझ्याकडे परत दिली, पान त्यातच ठेवून. ते मला फार मोठं वाटलं.

नीर हॉलमध्ये थांबला होता. मी त्याला सगळं सांगितलं, फक्त शोशीच्या पानावर काय होतं ते सोडून. त्याने ते विचारलंही नाही, हे मी त्याच्या जमेच्या बाजूला लिहून ठेवते.

"मग आता?" तो म्हणाला. "सोमवारचं रद्द?"

"रद्द कशाला? प्रत्येक पानावर नाव आहे. एकेकीला शोध, विचार. हो म्हणेल तिचं टाक."

"दोदा, त्यातल्या निम्म्या मेल्यात."

"त्यांच्या मुलांना विचार."

"यात वर्षं जातील!"

"जाऊ देत," मी म्हणाले. "तुझं इंटरनेट कुठे पळून चाललंय?"

तो हसला नाही. तो दमला होता, मी त्याहून दमले होते. मी योएलच्या टेबलावरून एक कोरा कागद ओढला आणि पेन घेतलं. मराठीत लिहिलं, डावीकडून उजवीकडे, हिल्डाबाईंसारखं. १९६६. मार्चची अकरा तारीख. वेळ माहीत नाही. वजन माहीत नाही. मुलगा. चार तास होता. आई तापात होती, तिने पाहिला नाही. इथे जे लिहिलेलं होतं ते २००३ साली चुकून जळलं.

कागद मी त्याच्यापुढे सरकवला.

"हे पहिलं टाक. मी हो म्हणते."

नीरने तो उलटसुलट केला. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. तो माझा सख्खा भाचा, चौतीस वर्षांचा, माझ्या मांडीवर वाढलेला, आणि त्याला माहीतच नव्हतं की त्याला एक मोठा भाऊ होता. तो काही मुद्दा मांडेल असं वाटलं, पण त्याने मांडला नाही. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि डोळे पुसून टाइप करू लागला. मधेच थांबला.

"दोदा," तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याने मराठीत म्हटलं, "नाव काय लिवू?"

"नाव नाही. आठव्या दिवशी सुंता होते तेव्हा नाव ठेवतात. तो चार तास होता."

"नावाची जागा रिकामी ठेवता येत नाय. प्रोग्राम पुढे जात नाय."

मी पेनाला टोपण लावलं.

"जूडिथचा मुलगा लिही," मी म्हणाले.